मिठागरानंतर कोणाचं नाव

आमच्याकडे मांडव पडला की पहिलं आवतान देवांना जातं, माणसांना मागाहून. भटजीही मागाहूनच येतात. आधी धवलारीण येते, दारात तांदळाचा चौक भरते, कलश मांडते आणि धवला म्हणायला बसते. धवला म्हणजे लग्नातलं गाणं, असं कोणी म्हटलं की आई डोळे वटारायची. तिच्या लेखी ते गाणं नव्हतं, काम होतं. धवलारणीनं नाव घेऊन बोलावल्याशिवाय लग्नाला कोणी येत नाही, मग तो गावदेव असो नाहीतर खाडी असो. आणि ज्याचं नाव राहून गेलं तो रुसतो. बिल भरलं नाही तर लाइट कापतात हे आपण जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज ती हे सांगायची.

पनवेल आणि उरणच्या मधल्या पट्ट्यात आई धवलारीण म्हणून सगळ्यांना माहीत होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण लांब जायचा आणि मध्ये तुटायचा नाही. मागे बसलेल्या बायका तिची ओळ झेलायच्या, तेवढ्यात ती श्वास भरून घ्यायची आणि पुढचं नाव काढायची. दुसऱ्यांच्या घरी ती देव बोलावून थांबायची. आमच्या घरच्या मांडवात मात्र देवांच्या पुढे आणखी नावं यायची, ज्यांच्या जिवावर घर जगलं त्यांची. आधी खाडी, मग भरतीचं पाणी आत घेणारी उघाडी, मग बाहेरचा बांध, मग मिठागर, आणि मिठागराच्या पुढेही काही होती. ही नावं तिला तिच्या सासूनं दिली होती आणि ती फक्त घरच्या लग्नात घ्यायची असत.

आम्ही लहानपणी मागे लागायचो, म्हणून दाखव ना एकदा. ती ऐकून घ्यायची नाही. "लगीन नाय नि बोलवू कोनाला? ते येतील, नि मांडव कुठं हाय इचारतील. मंग काय सांगू त्यांना, पोरांनी उगाच बोलवाला लावला?" माझ्या लग्नात आणि धाकट्या भावाच्या लग्नात तिनं ती म्हटली, पण माझ्या वेळी मी हळदीत माखून बसले होते आणि त्याच्या वेळी करवली म्हणून नुसती धावत होते. मोबाइल तेव्हा नव्हते. व्हिडिओवाला होता, तो पंगतीतली माणसं टिपत बसला होता.

मिठागर म्हणजे काही स्वर्ग नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली नवीन पनवेलच्या सेक्टरांत राहणारी माणसं मला मिठागरांबद्दल हळवं होऊन विचारतात आणि माझं डोकं फिरतं. बाबांच्या टाचांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. आई उन्हात डोक्यावरून टोपल्या वाहायची आणि संध्याकाळी मान धरून बसायची. बंदराचे रस्ते आले, मिठागर गेलं, त्याचे पैसे आले, भावानं ट्रेलर घेतला. कंटेनर वाहून नेणारा, लांबलचक. एकाचे पुढे बरेच झाले. जिथे मीठ पिकायचं तिथे भराव पडला आणि त्यावर भावाचं यार्ड उभं राहिलं. त्याच ट्रेलरनी त्याच्या मुलीला इंजिनियर केलं, घरावर मजला चढवला, बाबांच्या शेवटच्या आजारपणात चांगलं हॉस्पिटल दिलं. त्यामुळे मी ट्रेलरना शिव्या घालायला लागले की माझीच जीभ अडखळते.

आणि माझं स्वतःचं पोट तरी कशावर आहे? मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघते. आमच्याकडे पोलाद तापवून मोठाले बोल्ट बनतात. ते कंटेनरमध्ये भरून बंदरावर जातात, तिथून युरोपात, आणि तिकडे पवनचक्क्या उभ्या करायला वापरतात. वर्षानुवर्षं वजन, किंमत, कंटेनरचा नंबर एवढं लिहिलं की काम झालं. मग तिकडून नवा नियम आला. माल पाठवायचा तर तो बनवताना हवेत किती कार्बन सोडला तेही सांगा, नाहीतर सरहद्दीवर जास्त भरा. साहेबांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मला नाही म्हणता येत नाही असा ऑफिसात माझ्याबद्दल एक गैरसमज आहे.

पुण्याहून एक तरुण साहेब शिकवायला आले. मुलगा गुणी होता, समजावून सांगायचा, कंटाळायचा नाही. त्यानं पडद्यावर देशादेशांचे आलेख दाखवले. एक रेघ देशाच्या कमाईची, दुसरी त्या देशानं सोडलेल्या कार्बनची. आपल्याकडे दोन्ही रेघा हातात हात घालून वर चाललेल्या. तिकडच्या काही श्रीमंत देशांत मात्र कमाईची रेघ वर गेलेली आणि कार्बनची खाली उतरलेली. मला वाटलं, हे बरंय, हे कसं जमवलं? तो म्हणाला, बरंचसं खरोखर जमवलंय. वारा, ऊन यांवर वीज करतात, कोळसा कमी केला, घरं अशी बांधतात की ऊब बाहेर जात नाही. पण थोडं असंही आहे, की धूर सोडणारे कारखाने त्यांच्याकडे राहिले नाहीत. माल बाहेर बनतो आणि जहाजानं येतो. जिथे बनला त्या देशाच्या नावावर धूर लागतो, वापरला त्याच्या नावावर नाही.

वापरणाऱ्याच्या नावावर मोजायचीही एक पद्धत आहे म्हणे. ती मला फार आवडली. म्हटलं, मग तीच घ्या ना. तो हसला, म्हणाला, मॅडम, अभ्यास करणारे तीही घेतात, पण नियम या पद्धतीनं झालाय.

मग त्यानं हद्द आखायला शिकवलं. आकडा काढायचा तर आधी हद्द आखायची आणि हद्दीच्या आत जे जळलं ते मोजायचं. पोलाद आणलं त्याच्यामागचा धूर आत, आमची भट्टी आत, वीज आत. मी फळ्यावर कारखान्याच्या फाटकापर्यंत खडूची रेघ ओढली आणि विचारलं, फाटकाबाहेर जो ट्रेलर जातो तो? तो म्हणाला, या आकड्यात नाही. जहाज? तेही नाही. आणि देशांच्या बेरजेचं म्हणाल, तर परदेशी जाणाऱ्या जहाजांचं तेल कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, बाजूला लिहून ठेवतात. मी म्हटलं, आणि माणसाला खोकला लागतो तो? तो थोडा ओशाळला. म्हणाला, खोकला कार्बनचा नसतो, मॅडम, काजळीचा असतो, धुळीचा असतो. एकाच नळीतून निघतात, पण तो विषय वेगळा.

त्याची काही चूक नव्हती. पण आईचं घर फाटकाच्या आणि बंदराच्या मधोमध, त्या रस्त्याला लागून आहे, आणि मी जी रेघ ओढली होती तिच्या ते बाहेर पडलं होतं. मला त्या एसीच्या खोलीत एकदम रडायला आलं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले.

आईला तेव्हा दम लागायला सुरुवात होऊन बराच काळ झाला होता. आधी जिना चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरनं फोटो काढला, फुंकायला लावलं, औषधं दिली. मी त्यांना खोदून खोदून विचारलं, नेमकं कशानं? ते म्हणाले, चुलीपुढे उभा जन्म गेला त्याचं असेल, रस्त्याच्या धुळीचं असेल, डिझेलचं असेल, सगळ्याचं मिळून असेल. मला एक कोणीतरी हवं होतं भांडायला. तेवढंही मिळालं नाही.

मी तिला नवीन पनवेलला माझ्या फ्लॅटवर आणून ठेवलं. चार दिवसांत कंटाळली. "तुझे घरान दार उघडला का समोर भिंत," म्हणाली, आणि पिशवी भरून बसली. भाऊ येऊन परत घेऊन गेला, सोबत मीही गेले. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी भावाला ट्रेनिंगमधलं सगळं सांगितलं. तो पायावर पाय टाकून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे त्यांनी धुनी आपल्या दारान धुवाला टाकली, नि सांगतान आमचा घर कसा स्वच्छ."

मी म्हटलं, तेवढंच नाही रे, त्यांनी मेहनतही केलीय.

"असंल. पन बोल्ट आपलाच ना त्यांच्या पंख्याला?" मग स्वतःच म्हणाला, "नि मी कोन बोलनारा? डिझेल तर मीच जालतंय." आई आत खोकत होती.

त्यानं आईसाठी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते दिवसभर भिंतीशी घरघरत बसायचं. आईनं त्याला सवत असं नाव ठेवलं होतं, का तर ते तिच्यापेक्षा जास्त बोलतं. हसायला लागली की पुन्हा दम लागायचा, म्हणून मग आम्ही तिला हसवायचंही कमी केलं.

अशात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा युरोपातल्या एका थंड देशात नोकरीला, लग्न झालं की तिनं तिकडे जायचं. भावाला ही एकच मुलगी आणि मला मूलबाळ नाही. आमच्या घरात यापुढे मांडव पडणार नव्हता. हे आम्ही कोणी बोललो नाही, पण आईनं लग्न ठरल्याच्या दिवशीच सांगून टाकलं, धवला मीच म्हणणार आणि घरची नावंही घेणार. ती नावं मांडवात जिच्या कानावर पडतील तिची होतात. सासूकडून सुनेकडे जायची, तशी तिला ती आता नातीला द्यायची होती. भावजय घाटावरची, तिला आमचं निम्मं बोलणं कळत नाही, तिच्या वेळी ती नावं तिच्या डोक्यावरून गेली होती, आणि तेव्हा ओळ झेलणाऱ्या बायका आता उरल्या नव्हत्या. उरली होती ही एकच मुलगी आणि हा एकच मांडव.

डॉक्टरला विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "गाणं? अहो, त्यांना जेवताना दम लागतोय."

मी हॉलच्या बाजूची होते. एसी, स्वच्छ हवा, रस्त्यापासून आत. भावानंही होकार दिला. आईनं एकच विचारलं, "हॉलाचे दारान उभा राहला तं खाडी दिसंल?" दिसली नसती. आवतान घराच्या दारातून, खाडीकडे तोंड करून द्यायचं असतं. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुलगी आजीच्या शेजारी बसली होती, तिनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "हॉल नको, पप्पा." मग मांडव दारातच पडला.

भाऊ तसा बोलायला फटकळ, गावात त्याचं कोणाशी फार सख्य नाही. पण त्या आठवड्यात तो यार्डा-यार्डांतून फिरला. आपल्या सगळ्या गाड्या त्यानं धुवून, इंजिनं बंद करून ओळीत लावल्या. आजूबाजूच्या यार्डवाल्यांना हात जोडून सांगितलं, मांडवाच्या दिवशी सकाळी माझी आई धवला म्हणेल तेवढा वेळ गाडी काढू नका. ज्यांच्याशी त्याची भांडणं होती त्यांच्याकडेही गेला. कोणी नाही म्हटलं नाही. त्यांच्या घरची लग्नंही कधीकाळी आईनंच लावली होती.

राहिल्या बाहेरून येणाऱ्या गाड्या. कारखान्यांतून निघून बंदराकडे जाणाऱ्या, ज्यांना आमचं गाव म्हणजे एक खड्डा आणि एक वळण. त्यांच्यासाठी भाऊ स्वतः रस्त्यावर उभा राहिला. नवा रेशमी झब्बा, कपाळाला हळद, आणि दोन्ही हात जोडलेले. पहिला ट्रेलर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मांडव पाहिला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. त्याच्यामागे दुसरा थांबला, त्याच्यामागे तिसरा. माझा भाऊ लहानपणी बाबांसमोरही हात जोडायचा नाही. मी मांडवातून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आईकडे वळले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला आईला सावरायचं होतं.

रस्ता गप्प झाला. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली. आईनं नाकातली नळी स्वतःच्या हातानं काढली, डोक्यावरून पदर घेतला, समोर तांदळाच्या चौकाकडे पाहिलं आणि सुरू केलं.

आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. गणपतीला बोलावलं, गावदेवाला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. प्रत्येक नावानंतर ती थांबायची. मागच्या बायकांना न सांगता कळलं. त्या झेललेली ओळ मुद्दाम लांबवायला लागल्या, दोनदोनदा म्हणायला लागल्या, तिला श्वास भरायला वेळ मिळावा म्हणून. कोणी कोणाला खूण केली नव्हती. मी आईच्या पाठीमागे बसून तिला टेकू दिला होता. तिच्या फासळ्या माझ्या छातीला लागत होत्या.

देव झाले. मग तिनं खाडीला बोलावलं. मग उघाडीला. तेवढ्यात माझा फोन थरथरला, ऑफिसचा. मी तो कानाला लावला, कारण लावला नसता तर परत आला असता. पलीकडून आमचा डिस्पॅचवाला हळू आवाजात म्हणत होता, "मॅडम, सुट्टीत त्रास देतोय, पण आपला कंटेनर तुमच्या गावाकडे अडकलाय. कोणाचं तरी लग्न आहे म्हणे, रस्ता अडवलाय. तुमची तिकडे ओळख असेल ना, जरा बघा ना. बंदराचं गेट बंद होईल, जहाज जाईल." मी म्हटलं, बघते. फोन बंद करून मांडीखाली सरकवला आणि काही केलं नाही. जाऊ दे जहाज. त्यांच्या पवनचक्क्या महिनाभर उशिरा फिरल्या तर कोणाचं काय अडतंय, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आईनं बांधाला बोलावलं. आणि मग मिठागराला. समोर जिथे मिठागर होतं तिथे भावाच्या धुतलेल्या गाड्या उभ्या होत्या. ती त्यांच्याकडेच बघून बोलावत होती. बायकांनी ओळ झेलली, लांबवली, पुन्हा म्हटली, आणि तिसऱ्यांदाही म्हटली, तरी आईचा श्वास भरेना. ती माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली. मांडव थांबला. मुलगी हळदीच्या अंगानं पुढे सरकून आजीच्या तोंडाकडे बघत होती.

त्याच वेळी एक ड्रायव्हर मांडवाच्या दारात आला. पिकलेल्या मिशांचा, उत्तरेकडचा, चपला बाहेर काढून. मागची रांग वळणापलीकडे गेली होती आणि लांबून हॉर्न सुरू झाले होते. भाऊ त्याला बाजूला घ्यायला धावला. आता आईचा एक नियम सांगायला हवा. आवतान चालू असताना मांडवाच्या दारात जो येईल त्याला विन्मुख पाठवायचं नाही. बोलावणं सगळ्यांना चाललेलं असतं, कोण कोणाच्या रूपात येईल सांगता येत नाही, असं ती म्हणायची. तिनं मान वर केली.

"काय मांगतो तो?" तिनं विचारलं.

"काय नाय, आये. तू म्हन पुढं," भाऊ म्हणाला.

पण त्या माणसानं हात जोडले आणि म्हणाला, "माताजी, गेट बंद हो जाएगा. मालिक पगार काटेगा." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तोही घाबरलेला होता.

आईनं हात हलवला. "सोड त्यांना," ती भावाला म्हणाली. "दारान आयलाय."

भाऊ हलेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईनं पुन्हा हात हलवला, या वेळी जरा रागानं, आणि तो रस्त्याकडे गेला.

सगळी इंजिनं एकदम सुरू झाली. थंड पडलेली इंजिनं सुरू होताना काळा लोट टाकतात, तसा त्या सगळ्यांनी टाकला आणि तो मांडवात आला. बायकांनी पदर नाकाला लावले. गाड्या पहिल्या गिअरमध्ये, एकामागून एक, मांडवाच्या कापडाला घासतील इतक्या जवळून जायला लागल्या. जमीन हलत होती. कलशातलं पाणी हलत होतं. आणि आईला नेमका तेव्हाच श्वास मिळाला.

ती पुढे म्हणायला लागली. मला तिच्या पाठीवरून कळत होतं की ती म्हणतेय. तिचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, पण शब्द पोहोचले नाहीत तर झेलणार काय? मुलगी काहीतरी ओरडली, तेही ऐकू आलं नाही. मी पुढे वाकून आईच्या तोंडाशी कान नेला. तिचा गरम श्वास कानाला लागला. बाकी सगळं ट्रेलर होतं.

तिनं सगळी नावं घेतली. हातातले तांदूळ चौकावर टाकले आणि मागे माझ्या अंगावर रेलली. शेवटची गाडी वळणावरून गेली, तेव्हा तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि ती समाधानी होती. हे मी कधीच विसरणार नाही, ती समाधानी होती.

"ऐकला ना सगल्यांनी?" तिनं विचारलं.

भाऊ रस्त्यावरून परत आला होता. झब्ब्यावर काळे डाग पडले होते. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "हो, आये. सगल्यांनी ऐकला."

"मंग झाला," ती म्हणाली. मी तिच्या नाकात नळी परत घातली आणि मशीन चालू केलं.

लग्न छान झालं. रात्री डीजे वाजला, अख्खं गाव जेवलं, कोणी रुसलं नाही. आमचा कंटेनर वेळेत पोहोचला. तिकडच्या कंपनीनं आभाराचा मेल पाठवला. त्या मालाचा कार्बनचा आकडा मीच काढला, शिकवलं तसा, फाटकापर्यंत. आकडा बरोबर आहे. कोणीही तपासून पाहावा.

पाऊस सरता सरता आई गेली. मुलगी व्हिसा होऊन तिकडे पोहोचली होती, तिला येता आलं नाही. तिला मोबाइलवर दाखवलं सगळं, जेवढं दाखवायचं तेवढं. भावानं मशीन उचलून माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी परत खाली काढून पुसून ठेवलं. घर एकदम शांत वाटायला लागलं, हे म्हणणंही खोटं आहे, कारण रस्ता चालूच आहे. मला आईची आठवण येते आणि खूप राग येतो, आणि राग कोणावर काढावा हे मला अजून सापडलेलं नाही. भावावर निघत नाही. त्या मिशीवाल्या ड्रायव्हरवर तर नाहीच निघत.

परवा दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या खिडकीतून स्वच्छ निळं आभाळ दिसत होतं आणि लांब डोंगरावर पांढऱ्या पवनचक्क्या फिरत होत्या. म्हणाली, इथे आठवडाभर टेबल पुसलं नाही तरी बोटाला धूळ लागत नाही, आत्या. आजीला इथे आणायला हवं होतं. मी म्हटलं, हो गं. मग तिनं बातमी सांगितली. तिला दिवस गेलेत, हे तिनं मला सगळ्यांत आधी सांगितलं. मला आनंद झाला आणि मी ढसाढसा रडले, दोन्ही एकदम.

"मी लग्नाचा व्हिडिओ लावून बसते," ती म्हणाली. "आजीचे ओठ दिसतात. आवाज नुसता ट्रेलरचा. खूप वेळा पाहिला. मिठागरापर्यंतची नावं मी लिहून काढलीत. पुढची दिसतात, कळत नाहीत." मग म्हणाली, "आत्या, त्यात तू दिसतेस. आजीच्या तोंडाला कान लावून बसलीयस. मिठागरानंतर तिनं कोणाला बोलावलं गं?"

मी ऑफिसात होते. समोर पुढच्या मालाचे कागद होते. ऑफिसात मी कधी गावचं बोलत नाही, पण दुसरं काही तोंडातून निघेना.

"ट्रेलर चालू झालं होतं, बाय," मी म्हटलं. "मना नाय ऐकू आला."